बाजार कुठून कुठे सरकला? अचलपूर-परतवाडा आणि वऱ्हाडातली जुनी शहरं पायी पाहताना (धागा)

सापनकाठ
अचलपूरला आपल्या भागातले लोक जातात ते तहसीलच्या कामाला, नाहीतर चिखलदऱ्याच्या वाटेवर चहापुरते. १४९० मध्ये फतेउल्ला इमादउल्मुल्क बहमनीतून फुटला आणि वऱ्हाडची इमादशाही उभी राहिली, तेव्हा हे राजधानीचं शहर होतं. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं ती गिळली, १५९६ मध्ये मोगल आले, पुढे हैदराबादच्या निजामाखाली पन्नी पठाण नवाब इथे बसले. १९०५ पर्यंत एलिचपूर (अचलपूरचंच जुनं नाव) हा स्वतंत्र जिल्हा होता. आज तो अमरावतीचा एक तालुका.

शाळा-कॉलेजची मुलं घेऊन अशा गावात फिरायचं तर नुसती यादी करून भागत नाही. ही कमान, तो दर्गा, ती बारव, असं पाहत गेलं की तासाभरात सगळे कंटाळतात. एकच प्रश्न घेऊन फिरा: बाजार कुठून कुठे सरकला? वऱ्हाडातल्या बहुतेक जुन्या गावांत तो वेशीच्या आतून निघाला, फौजेच्या कॅम्पात किंवा रेल्वेकडे गेला, तिथून जिनिंगच्या फाटकापाशी, मग एसटी स्टँडवर आणि आता बायपासवर. प्रत्येक टप्प्याच्या इमारती वेगळ्या, विटा वेगळ्या, रस्त्याची रुंदी वेगळी.

सुरुवात दुल्हा दरवाजापासून करा. दरवाजातून आत शिरलं की मोहल्ल्यांची नावं वाचत चला: सरमसपुरा, अब्बासपुरा, बिलनपुरा, हीरापुरा, बुंदेलपुरा. ‘पुरा’ म्हणजे कुणातरी सरदाराच्या किंवा जमातीच्या नावानं वसवलेली वस्ती. हे पुरे नकाशावर मांडले की शहर एका झटक्यात वाढलं नाही, तुकड्या-तुकड्यानं जोडत गेलं, हे दिसतं. दोन पुऱ्यांच्या सांध्यावर रस्ता बहुधा वाकतो किंवा अचानक रुंदावतो. जुना बाजार, विहीर, मशीद किंवा देऊळ तिथेच सापडायची शक्यता जास्त.

आता एक काम टेप घेऊन करायचं. जुन्या वाड्यांच्या उंबरठ्याची उंची आजच्या रस्त्यापासून मोजा. ढेलजेत जायला दोन पायऱ्या चढाव्या लागतात की उतराव्या लागतात? बांधताना जोतं रस्त्याच्या वर असणारच, उलटं कुणी बांधत नाही. उंबरठा आज रस्त्याखाली गेला असेल तर जोत्याची मूळ उंची धरून रस्ता किती चढला ते निघतं. मुरूम, गिट्टी, डांबर, सिमेंट, जुना थर न फोडता त्यावर नवा, असं करत करत दोन-तीन फूट सहज भरतात. मग पावसाचं पाणी घरात शिरतं, भिंतीचं बूड ओलं राहतं, माती फुगते आणि लोक म्हणतात वाडा जुना झाला. वाड्याला जुनेपणानं काही झालेलं नसतं, त्याला रस्त्यानं बुडवलेलं असतं.

हौज कटोरा शेवटी ठेवा. गावाच्या पश्चिमेला आहे. गोल तलावाच्या मधोमध अष्टकोनी मनोरा, आज तीन मजले उभे. वर आणखी दोन होते आणि नवाबी काळात त्यांचा दगड काढून नेला, असं सांगतात. दुपारचं ऊन टाळा. तिरप्या उन्हात दगडाचे सांधे आणि दुरुस्तीची ठिगळं उठून दिसतात, डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट होतं.

दर्यापूरकर
भाऊ, धागा झकास. पण परतवाडा कुठे गेला?

सापनकाठ
तोच पुढचा टप्पा, दादा. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, दोन दिवसांनी देवगावचा तह. भोसल्यांचा वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडावरचा हक्क सुटला आणि तो निजामाकडे गेला. निजामाची म्हणून, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची जी फौज होती, ती हैदराबाद कंटिंजंट, तिची छावणी अचलपूरच्या शेजारी पडली. छावणीचं गाव म्हणजे परतवाडा. जुने लोक अजून ‘कॅम्प’च म्हणतात. याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला गेला.

जुळं गाव पाहताना रस्ते मोजा. अचलपुरात गल्ली बैलगाडीच्या मापाची आणि वळणाची. कॅम्पात रस्ते सरळ, रुंद, काटकोनात, बंगल्याभोवती मोकळं आवार. फौज गेली तरी रुंद रस्ता उरतो, आणि ट्रक-एसटी आल्यावर बाजार रुंद रस्त्याकडेच जातो. सागवानाचा लाकूडबाजार परतवाड्यात बसला तोही मेळघाटच्या वाटेवर जागा मोकळी होती म्हणून.

मिसलबंद
पायाला कागदाची जोड द्या. फक्त कोणता कागद कुठे मिळतो हे आधी समजून घ्या, कारण वऱ्हाड आणि पूर्व विदर्भ यांचं दप्तर वेगळं आहे. वऱ्हाडात (अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ) इंग्रजांनी मुंबईच्या धर्तीवर रयतवारी (शेतकऱ्याकडून थेट सारा) मोजणी केली, म्हणून ‘सर्व्हे नंबर’. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा इकडे मालगुजारी (मालगुजारामार्फत सारा), म्हणून ‘खसरा नंबर’, बंदोबस्त मिसल (मोजणीची मूळ नोंद) आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक हक्कांची नोंद). नागपूरकडची पद्धत घेऊन अचलपूरच्या कचेरीत मिसल मागितली तर बाबू तुमच्या तोंडाकडे पाहत राहील.

शहराच्या आतल्या जागेसाठी तालुक्याच्या भूमि अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात नगर भूमापनाची शीट मागा. आपल्याकडे नझूल (शहरातल्या सरकारी जागांच्या) शीटही असतात, शीट नंबर आणि प्लॉट नंबर घेऊन जा. शीटवर तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, लांबट, वाकडी, कुणाच्याच नावावर नसलेली किंवा सरकार म्हणून दाखवलेली पट्टी: ती बहुधा परकोटाची किंवा खंदकाची जागा. दुसरी, एकमेकांना समांतर बारीक-बारीक प्लॉट, रुंदी आठ-दहा फूट आणि खोली चाळीस-पन्नास: ती जुनी दुकानांची ओळ, आज तिथे घरं असली तरी. तिसरी, भला मोठा एकच प्लॉट, त्याच्या कडेनं नंतर पडलेले तुकडे: वाडा, सराई किंवा जिनिंग. गावठाणाबाहेरचं असेल तर सातबारा आणि जुना गाव नकाशा. ग्रामपंचायतीच्या हद्दीत घराचा कर आकारणी उतारा नमुना ८ मधून मिळतो, पण त्यावरून बांधकामाचं वय ठरवू नका, ते अंदाजानं लिहिलेलं असतं.

सनांचा घोळ हमखास होतो. इसवी सन काढायला, शिलालेखावर किंवा सनदेवर हिजरी असेल तर आकड्याला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. ११७१ हिजरी म्हणजे ११३६ अधिक ६२२, अर्थात १७५७-५८. शके असेल तर ७८ मिळवा. महसुली कागदावर फसली (पीक-हंगामावरचा महसुली सन) असेल तर ५९०. फसली १२६३ पाहून कुणी ‘तेराव्या शतकातला कागद’ म्हणत असेल तर त्याला सांगा, तो १८५३ चा आहे.

पोहावेस
मिसलबंद भाऊंच्या पट्टीचा, म्हणजे परकोटाच्या जागेचा, अनुभव कारंजा लाडमध्ये घ्या. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस. प्रत्येक वेशीचं नाव म्हणजे तिथून निघणाऱ्या वाटेची पाटी. या चार वाटा नकाशावर ओढल्या की कारंजा इतकं श्रीमंत का होतं ते कळतं. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेनं कारंजा लुटलं ते उगीच नाही. वेशीतून आत शिरल्यावर रस्ता सरळ न जाता वळतो का ते पाहा. सरळ गेला तर वेस बहुतेक करासाठी, वळला तर लढाईसाठी. पक्का नियम नाही, पण पहिला तर्क म्हणून चालतो.

बंडीवाला
राजेहो, हे सारं बरोबर हाये, पण पोट्ट्याईले घेऊन फिराचं हाये न? नझूल शीट, फसली, हिजरी... इतके कागद कोन काढन? एखादी सोपी गोष्ट सांगा का जे हातात टेप घेऊन लगेच करता येते.

चुनाघाणी
बंडीवाला भाऊ, वीट मोजा. यापेक्षा सोपं काही नाही. पडक्या भिंतीतली, बाहेर दिसणारी वीट. उकरून काढायची नाही. लांबी, रुंदी, जाडी, तिन्ही. एका भिंतीतल्या निदान दहा विटा मोजा आणि सरासरी काढा, एकीवर विसंबू नका.

हातभर लांब, वीतभर रुंद आणि जाडीला सात-आठ सेंटीमीटर अशी भली थोरली वीट पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या मातीच्या) टेकाडात किंवा नदीकाठच्या दरडीत दिसली तर ती सातवाहनांच्या आगेमागे जाऊ शकते. पवनी, पौनार, कौंडिण्यपूर या उत्खनन झालेल्या ठिकाणी प्राचीन वस्तीचे थर निघाले आहेत. पातळ, पोळीसारखी, जाडीला इंच-दीड इंच, चुन्यात जाड सांध्यानं बसवलेली वीट म्हणजे मोगल-नवाबी-भोसले काळ. नऊ बाय साडेचार बाय तीन इंच ही इंग्रजी मापाची, रेल्वे आणि सार्वजनिक बांधकाम खात्यानं रुळवलेली. एकाच भिंतीत खाली पातळ वीट आणि वर नऊ इंची दिसली तर वरचं काम नंतरचं. उलट दिसलं तर जुनी वीट पुन्हा वापरलेली आहे. वऱ्हाडात हे सर्रास. पडका परकोट म्हणजे गावाची फुकटची वीटभट्टी.

पातळ विटेचं अव्वल काम पाहायचं तर बाळापूर. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर उंचावर किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहानं सुरू केला आणि १७५७ मध्ये एलिचपूरचा नवाब इस्माईलखान यानं पुरा केला. तिथली विटांची बांधणी इतकी नेटकी आहे की सांध्यात सुरीचं पातं जाणार नाही अशा जागा अजून आहेत. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्रीही पाहून घ्या.

खल्लार_रोड
ताई/दादा, कोणी जाणकार सांगा. आमच्या गावची वेस आहे, काळ्या दगडाची, कमान वरून विटांची. निधी मंजूर झाला आहे. ठेकेदार म्हणतो सिमेंटनं सांधे भरतो आणि वरून ऑइल पेंट मारतो, वीस वर्षं पाहायचं काम नाही. कमानीवर पिंपळही आला आहे. काय सांगावं?

चुनाघाणी
सांगा की तसं केलं तर वेस लवकर ढासळेल, आणि कारणासकट सांगा. जुन्या भिंतीत जमिनीतून ओल चढते आणि चुन्याच्या सांध्यातून हवेत जाते. सिमेंट घट्ट, सांधे बंद झाले की ओल विटेतून बाहेर पडू पाहते. पाण्याबरोबर आलेला क्षार विटेच्या तोंडाशी सुकतो, खडे धरतो आणि विटेचं तोंड पापुद्र्यानं सुटतं. चार-सहा पावसाळ्यांनी सिमेंटचे सांधे जाळीसारखे पुढे आलेले आणि मधल्या विटा पोकळ झालेल्या, हे चित्र कुठल्याही ‘सुशोभित’ वेशीवर दिसेल. ऑइल पेंटनं तेच होतं, फक्त सगळ्या अंगावर एकदम.

चुन्याचं काम असं. कळीचा चुना वणी-राजूर भागातल्या भट्ट्यांतून मिळतो. विझवताना लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी, मग त्यात थोडा-थोडा चुना. ढिगावर पाणी ओतायचं नाही, उकळून उडतं आणि डोळा जातो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. गाळून घ्या आणि वर चार बोटं पाणी ठेवून निदान पंधरा दिवस मुरवा, महिना-दोन महिने मिळाले तर उत्तम. न मुरलेला चुना भिंतीत गेल्यावर विझतो, फुगतो आणि सांधा फोडतो. सुरखी म्हणजे कच्च्या भाजलेल्या विटेची भुकटी, भट्टीतल्या कमी भाजलेल्या विटा कुटून, चहापत्तीइतकी बारीक. वाळू धुतलेली, नाल्यातली मातकट नको.

प्रमाण एक चुना, एक सुरखी, दोन वाळू. सुरखीमुळे कालवण (कालवलेला चुना) ओलाव्यातही धरतं, नुसता चुना फार सावकाश धरतो. सांध्यांची रुंदी साधारण आणि खोली इंचभर धरली तर दहा चौरस मीटर भिंतीला पन्नास-साठ लिटर कालवण लागतं. पंधरा लिटरच्या बादलीनं मुरलेला चुना सव्वा बादली, सुरखी सव्वा, वाळू अडीच. पूर्वी हे घाणीत मळायचे, बैलानं फिरवायच्या दगडी चाकाखाली. जुन्या किल्ल्यांजवळ गोल चर दिसतो तो चुन्याच्या घाणीचा. आज मिक्सर चालतो, पण पाणी कमी ठेवा. थापीवर धरून उलटं केलं तर पडायला नको.

जुना सांधा हातोडी-छन्नीनं इंचभर खोल मोकळा करा. ग्राइंडर नको, दगडाची कड जाते. धूळ काढून भिंत आदल्या दिवशी भिजवा आणि भरताना पुन्हा शिंपडा. सांधा दगडाच्या तोंडापासून किंचित आत ठेवा, दगडावर पसरू देऊ नका. मग ओली पोती लावून सात ते दहा दिवस. एप्रिल-मेच्या झळांत आणि भर पावसात हे काम घेऊच नका. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम.

पिंपळ उपटायचा नाही. मूळ कमानीच्या पोटात गेलेलं असतं, ओढलं की चावीचा दगड सोबत येतो. फांद्या छाटा, बुंध्याला भोकं पाडून तणनाशक भरा आणि वाळू द्या, एखादा पावसाळा जाऊ द्या. वाळलेलं मूळ आत राहिलं तरी चालेल. जितकं सहज निघतं तितकंच काढून पोकळीत पातळ चुना-सुरखी ओता.

निविदेत ‘चुना’ हा शब्द लिहून घ्या. तोंडी बोलणं कालवणात उतरत नाही.

मिसलबंद
त्याआधी वेस संरक्षित आहे का ते तपासा. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची असेल तर १९५८ चा कायदा आणि २०१० ची दुरुस्ती लागू: हद्दीपासून १०० मीटर नवं बांधकाम बंद, त्यापुढे २०० मीटर परवानगीनं. राज्याची असेल तर १९६० चा कायदा. दोन्हीपैकी कुठेच नाव नसेल तर ग्रामसभेचा ठराव कामाला येतो. ठरावात मोजमापं आणि फोटो जोडा.

रेचेवाला
वाडे-वेशी झाल्या असतील तर जिनिंगकडे या. वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावात सगळ्यात मोठी इमारत कुठली? मंदिर नाही, गढी नाही, जिनिंग-प्रेसिंग. आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही.

रचना समजून घ्या म्हणजे पडक्या आवारातही अंदाज येतो. रेच्यांचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचं, शेड लांबट आणि बुटकं. आत दोन ओळींत रेचे, मधोमध मजुरांना चालायची वाट. जमिनीखाली किंवा शेडच्या एका अंगाला चर: त्यातून लांबच लांब शाफ्ट फिरायचा आणि पट्ट्यांनी प्रत्येक रेच्याला गती मिळायची. चर बुजवला असला तरी फरशीत सरळ फट दिसते. रेच्यात चामड्याचा रूळ आणि दोन सुऱ्या, एक स्थिर, एक हलती. रूळ रुई ओढतो, सुरी सरकी अडवते. शंभर किलो कापसातून रुई निघते तेहेतीस-पस्तीस किलो, बाकी सरकी. म्हणून सरकीचं गोदाम रुईच्या गोदामापेक्षा मोठं. पाहणारे उलटं समजतात.

प्रेस हाउस मात्र उंच, दोन-तीन मजली, कारण सुटी रुई वरून पेटीत पडायची आणि खालच्या खड्ड्यातून दट्ट्या वर यायचा. आजची गठाण १७० किलोची. उंच इमारत आणि खाली गोल किंवा चौकोनी खोल खड्डा दिसला तर तो प्रेस. खड्ड्याकाठी कठडा नसतो आणि गवत माजलेलं असतं, मुलांना अलीकडेच थांबवा. रेच्यांचं शेड आणि प्रेस यांत मोकळी जागा आगीसाठी सोडलेली. तिथे हौद असणारच. चिमणी बॉयलरपाशी.

वय ठरवायला लोखंड वाचा. रेच्याच्या बिडाच्या बाजूपट्टीवर बनवणाऱ्याचं नाव ओतीव अक्षरात असतं. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे रेचे जगभर जायचे. छताच्या गर्डरवर ‘डॉर्मन लाँग’ असेल तर विलायती माल. ‘टाटा’ असेल तर १९१२ च्या आधीचं शेड नाही, कारण जमशेदपूरचं पोलाद त्या वर्षी सुरू झालं. मात्र गर्डर नंतर बदललेला असू शकतो. एकावरून ठरवू नका, छताच्या सगळ्या कैच्या (त्रिकोणी सांगाडे) पाहा. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं, पडलेलं कौल उलटवून पाहा.

शेड ओस का पडली? एक कारण नाही. वाफ जाऊन वीज आली, मोठ्या यंत्रांना जुनी शेडं पुरेनात. १९७२ पासून राज्याची एकाधिकार कापूस खरेदी आली, जिनिंगवाला व्यापारी राहिला नाही, भाड्यानं कापसाची सरकी काढून देणारा झाला. ती योजना आटोपली तेव्हा नवे कारखाने हायवेवर गेले. मग गावातल्या आवाराचं काय? दहा-पंधरा एकर एकाच मालकाची, स्टेशनजवळची जागा. लेआऊट, मंगल कार्यालय, व्यापारी संकुल. आपल्या गावातल्या ‘जिनिंगच्या आवारातल्या’ कॉलनीत रस्ते इतके सरळ का, याचं उत्तर हे आहे.

सांधेवाला
शकुंतला, आपली छोटी नॅरोगेज गाडी, राहिली. मूर्तिजापूर-अचलपूर पाऊणशे किलोमीटर, मूर्तिजापूर-यवतमाळ ११३, तिकडे पुलगाव-आर्वी ३५. रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मोजताना दोन्ही रुळांच्या आतल्या बाजू धरा. ब्रॉडगेज १६७६. लाइन किलिक निक्सनच्या कंपनीची, गाडी चालवायची सरकारी रेल्वे. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल. आता गाड्या बंद.

रुळाच्या पोटावर, म्हणजे मधल्या पातळ भागावर, कारखान्याचं नाव आणि वर्ष उठवलेलं असतं. तारेच्या ब्रशनं गंज हलकेच घासा, खडू आडवा फिरवा, अक्षर उमटतं. वर्ष रूळ तयार झाल्याचं, लाइन टाकल्याचं नाही, हा फरक मुलांना सांगा. नॅरोगेजवर मोठ्या लाइनीवरून उतरवलेला माल बराच यायचा. आणि रूळ, पाटी, खिळा काहीही उचलू नका. बंद असली तरी रेल्वेची मालमत्ता आहे, गुन्हा लागतो.

अचलपूरचं जे झालं ते या लाइनीत दिसतं. मुंबईची मोठी लाइन अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. अचलपूर उत्तरेला राहून गेलं. खामगावला कापसासाठी १८७० मध्येच फाटा मिळाला, अमरावतीलाही बडनेऱ्याहून मिळाला. अचलपूरची छोटी गाडी आली तोवर पुढचं शतक उजाडलं होतं. बाजार तोवर कशाला थांबणार?

अंबागेट
सांधेवाला काका, इथे थोडं अडतो. रेल्वेनं बाजार पळवला हे वाक्य फार ऐकलं, पण तारखा जुळत नाहीत. अमरावतीचा परकोट १८०७ मध्ये निजामाच्या अमदानीत बांधायला घेतला, पेंढाऱ्यांच्या धास्तीनं. परीघ सव्वादोन मैल, उंची २० ते २६ फूट, पाच दरवाजे, चार खिडक्या (छोटे दरवाजे). कापूस नसता तर इतका खर्च कोण करतो? १८४२ मध्ये एका व्यापाऱ्यानं अमरावतीहून एक लाख बैलांच्या पाठीवर कापूस कलकत्त्याला धाडल्याची नोंद आहे. रेल्वे तेव्हा वऱ्हाडात यायची होती. बाजार आधीच अमरावतीत होता, रेल्वेनं त्याला शिक्का मारला.

परकोट पाहायचा तर जवाहर गेट, अंबा गेट, भुसारी गेट, महाजनपुरा, खोलापुरी, असे फिरा. खुनारी खिडकीला ते नाव १८१८ च्या मोहरमातल्या दंगलीत तिथे सातशे माणसं मेली म्हणून पडलं, अशी जुनी नोंद आहे. भिंतीला टेकून दोन्ही बाजूंनी घरं आहेत. कुठे चार फूट जाडीची भिंत एखाद्याच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आहे. विचारून जा, लोक दाखवतात.

सांधेवाला
तारखा मान्य. पण मग कॅम्पाला पण वजन द्या. फौज अचलपूरला, व्यापार अमरावतीला, आणि १९०५ मध्ये जिल्हाही गेला. कचेरी गेली की वकील, सावकार, छापखाना सगळे मागोमाग जातात. रेल्वे एकटी दोषी नाही म्हणू, निर्दोष मात्र नाही.

अंबागेट
चला, अर्ध्यावर मिटलं.

पांढरीकाठ
शहराच्या गोष्टीत आमच्या खेड्यातली गढी विसरू नका. देशमुख-पाटलांच्या गढ्या या त्याच काळातल्या छोट्या राजधान्या. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीची जाड भिंत वर निमुळती होत जाणारी, कोपऱ्यावर बुरूज. शेत काळीत, वस्ती पांढरीत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तिची भिंत टिकत नाही. पांढरी म्हणजे शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, चुना, पडक्या भिंती मिसळलेली माती, फुगत नाही. म्हणून धाब्याच्या घरावर म्याल, कड्या, फळ्या आणि पाला घालून वर हीच माती वीतभर अंथरायची.

आणि म्हणूनच गढी मरते. ज्याला धाबं घालायचं तो गढीच्या बुडाशी खणतो, हल्ली तर जेसीबी लावून शेतात टाकायला ट्रॉल्या नेतात. बूड पोखरलं की वरची भिंत पहिल्या मोठ्या पावसात अख्खी खाली येते. पावसाआधी एवढं तरी करा: भिंतीच्या माथ्यावर पाणी साचतं ती जागा शोधून मातीचा उतार बाहेरच्या बाजूला द्या, आणि पोखरलेलं बूड भरा. चार घमेली पांढरी माती, एक घमेलं गव्हाचं कुटार, पाणी घालून पाच-सात दिवस मुरवायचं, रोज पायानं तुडवायचं. मग विटा पाडून सावलीत वाळवायच्या आणि त्याच चिखलात बसवायच्या. ओला चिखल नुसता कोंबला तर वाळताना आक्रसतो आणि जुन्या भिंतीपासून सुटतो. सिमेंटचा तर विचारच नको, मातीला ते धरत नाही.

उकरताना खापर, मणी, नाणं निघालं तर तिथेच थांबा. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही आहे. दहा रुपयांच्या वर किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. माती न्यायला गौण खनिजाची परवानगी लागते ती वेगळीच.

बंडीवाला
दहा रुपयांत आता चहा भी येत नाई बाप्पा!

झाडीपट्टी
चंद्रपूरची एक गोष्ट जोडतो, कारण तिथे परकोट अजून बराच उभा आहे. गोंड राजांचा, स्थानिक वालुकाश्माचा. जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा, पठाणपुरा हे चार दरवाजे आणि शिवाय खिडक्या. दरवाजावर हत्तीवर आरूढ सिंह कोरलेला दिसेल, ते गोंडांचं चिन्ह. वऱ्हाडातल्या काळ्या बेसाल्टच्या मानानं वालुकाश्म मऊ, कोरायला सोपा आणि झिजायलाही. त्यामुळे तिथे सिमेंटचं नुकसान आणखी लवकर दिसतं. जटपुऱ्याला गाड्यांची कोंडी कायमची. दरवाजा बैलगाडीच्या मापाचा आणि शहर त्यातूनच बाहेर पडतं. दरवाजाची रुंदी आणि तासाभरात किती वाहनं गेली हे मुलांना मोजायला लावा.

खल्लार_रोड
चुनाघाणी दादा, ठेकेदाराला सांगितलं. तो म्हणतो चुन्याचा कारागीर मिळत नाही, आणि मिळाला तर रोज दुप्पट.

चुनाघाणी
दर जास्त लागेल, खरं आहे. कारागीर मात्र मिळतो. जुन्या मंदिरांच्या दुरुस्तीवर जे गवंडी काम करतात त्यांच्याकडे विचारा. त्याच्याकडून आधी एक चौरस मीटरचा नमुना करून घ्या, वेशीच्या मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी. एकवीस दिवसांनी नखानं खरवडून पाहा. भुगा पडला तर चुना मुरलेला नव्हता किंवा भिंत कोरडी होती. नख नुसतं घासलं गेलं तर पुढचं काम द्या. आणि पैसे नमुन्यानंतर.

सापनकाठ
बंडीवाला भाऊ, मुलांसाठी सामान: तीस मीटरची टेप, खडू, तारेचा ब्रश, वही, पाण्याच्या बाटल्या. सकाळी साताला दुल्हा दरवाजा, दहाच्या आत परतवाडा. दर्गा-मशिदीच्या आवारात आधी विचारून शिरायचं आणि शुक्रवार टाळायचा. जिनिंगच्या आवारात चौकीदाराची परवानगी घ्या, साप-विंचू असतात, चप्पल चालणार नाही, बूट सांगा.

बंडीवाला
बूट सांगतो. पोट्टे किती पर्यंत चालतीन एका टेपेमागं?

सापनकाठ
चौघं. दोन टोकं धरायला, एक लिहायला, एक भांडायला.